बलुत्यापासून पगारपत्रकापर्यंत : पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील लहान आस्थापनांच्या वेतनाचा इतिहास

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे तो बहुधा मोठ्या कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच दशकात आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरीस टेल्को यांनी आपली मुळे रोवली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली व १९८२ च्या ऑक्टोबरात तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे १९९० नंतर उद्योगांचा हा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर पोहोचला.

हा सर्व इतिहास खरा आहे. परंतु त्यात एक माणूस सापडत नाही. भोसरीच्या गाळ्यात लेथवर बारा तास उभा राहणारा कारागीर, तळवड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुटे भाग मोजून खोक्यांत भरणारी बाई, किराणा दुकानातील नोकर, सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी, खाजगी बालवाडीतील शिक्षिका ही माणसे त्या इतिहासाच्या समासात राहिली आहेत. मोठ्या कारखान्यातील कामगाराचे वेतन करारात लिहिलेले असते; त्या करारावर वर्तमानपत्रांत मथळे येतात. पाच, दहा किंवा पंधरा माणसांच्या आस्थापनेत पगार कसा ठरतो, तो केव्हा मिळतो आणि तो पुरतो काय, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. म्हणूनच या बाजूचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे आवश्यक वाटते.

खळ्यावरचे माप

कारखाने येण्यापूर्वी हवेली, मावळ आणि खेड या तालुक्यांतील गावे म्हणजे ज्वारी-बाजरीची, भाताची व कांद्याची गावे होती. तेथे रोख वेतन ही गोष्ट अपवादानेच आढळे. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट यांना त्यांच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार वर्णन केले आहे, ते आजही वाचण्याजोगे आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ओळी असत आणि ज्याची जशी ओळ तसे त्याचे माप.

या व्यवस्थेत एक गुण होता, तो मान्य केला पाहिजे. माप उघड्यावर होत असे. कोणाला किती पेंढ्या मिळाल्या हे साऱ्या गावाला दिसे. परंतु तिचा दोष त्याहून कितीतरी मोठा होता. मोबदला कामाच्या मोलावर न ठरता जन्मावर ठरे. काम नाकारण्याची मुभा नसे. सर्वांत जड आणि हीन मानलेले काम करणाऱ्यास मानही मिळत नसे आणि पुरेसे धान्यही मिळत नसे. सरकारी कामासाठी फुकट राबवून घेण्याची वेठ होतीच. ज्याला जाण्याचा मार्गच नाही, त्याच्या मोबदल्याला वेतन म्हणणे अवघड आहे.

बलुतेदारांच्या शेजारी आणखी एक माणूस असे, तो सालगडी. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरे. काही पैसे उचल म्हणून आधी मिळत, बाकीचे धान्य, कपडे, घोंगडी या रूपाने. ही 'उचल' लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलीचे लग्न, घरातील आजारपण अशा प्रसंगी मालकाने दिलेले पैसे म्हणजे उपकारही असत आणि दोरीही. पुढल्या सालाचे मोल ठरविताना गड्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, कारण मागील सालाची उचल फिटलेली नसे. गाव बदलले, नांगराच्या जागी लेथ आला. परंतु उचल मात्र गावाहून गाळ्यात जशीच्या तशी आली. आजही अनेक लहान कार्यशाळांत पगारवाढीचा विषय याच कारणाने निघत नाही.

पंधरा तारखेची मागणी

महाराष्ट्रात रोख वेतनावर जगणाऱ्या कामगारांचा पहिला मोठा वर्ग मुंबईच्या कापड गिरण्यांत तयार झाला. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची स्थापना केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात भरलेल्या सभांतून जे मागणीपत्र तयार झाले त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

त्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनाला भिडतो. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. कामावर जायबंदी झालेल्यास काही आधार मिळावा. आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. पगार वाढवून द्या असे कलम या मागण्यांत अग्रभागी नव्हते, पगार वेळेवर द्या असे होते. याचे कारण उघड आहे. गिरण्यांत महिना, दीड महिना पगार अडवून ठेवण्याची चाल होती आणि तेवढे दिवस कामगाराचे घर वाण्याच्या उधारीवर चाले. उधारीवर व्याज चढे. त्यामुळे कागदावर जे वेतन ठरलेले असे, त्यातील एक भाग उशिरामुळेच नाहीसा होई.

साप्ताहिक सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली. रविवारची सुट्टी ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडून आपोआप आली, असा समज आपल्याही समाजात आढळतो. तो बरोबर नाही. राज्यकर्ते ख्रिस्ती असतानाही गिरणी कामगाराला ती मिळालेली नव्हती; ती लोखंडे यांना मिळवावी लागली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्यासाठी पुढे करण्यात आल्याचे सांगतात.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात वेतनाविषयी एक मूलभूत विचार आहे. मालक आणि मजूर यांनी आपसांत एखादा दर मान्य केला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. उपासमारीच्या भीतीने मजुराने दिलेला होकार हा मोकळा होकार नव्हे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा उदरनिर्वाह ज्यात होत नाही, असे वेतन करार असूनही अन्याय्यच होय. परळच्या कामगारांनी ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकाशिवाय ओळखली होती, हेही आपण नम्रपणे ध्यानात ठेवावे.

कायद्याला मात्र वेळ लागला. वेतन प्रदान अधिनियम १९३६ साली झाला. हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि मोठ्या आस्थापनेने दहा दिवसांत पगार द्यावा, असे बंधन त्याने घातले. मनमानी दंड व कपाती यांनाही त्याने आळा घातला. म्हणजे पंधरा तारखेच्या मागणीपासून सात तारखेच्या कायद्यापर्यंत यावयास ५२ वर्षे लागली.

रस्त्याच्या दोन बाजू

स्वातंत्र्यानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहिले तेव्हा हा सारा वारसा त्यांच्या पाठीशी होता. कायदे होते, संघटना होत्या आणि घटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाचे अभिवचन होते. मराठवाड्यातून, सातारा-सांगलीकडून, नगर जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यातून तरुण येत गेले. मोठ्या कारखान्यात कायम झालेला मुलगा हा गावाकडे अभिमानाचा विषय असे. त्याच्या पगारावर गावचे घर शाकारले गेले, धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली.

हे वेतन कोणी दान म्हणून दिले नव्हते. त्यासाठी संघर्ष झाले आणि काही फार कडवट झाले. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोतील राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडले. व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी करार केला होता. अखेर पोलिसांनी रात्री उपोषणकर्त्यांना तेथून उचलले. त्या संघर्षातील बरेवाईट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, जे उपोषण करू शकले त्यांच्यापाशी संघटना होती आणि त्यांचे भांडण कोणाशी आहे हे त्यांना ठाऊक होते.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस तसे नव्हते. मोठा कारखाना सगळे भाग स्वतः करीत नाही. नट, बोल्ट, रबरी वायसर, पत्र्याचे दाबकाम, रंगकाम, यंत्रावरचे कातकाम ही कामे तो बाहेर देतो. त्यातून भोसरी, चिखली, तळवडे, कुदळवाडी आणि पुढे चाकण, म्हाळुंगे या भागांत शेकडो लहान उद्योग निर्माण झाले. यांतील कित्येक मालक हे स्वतः कालपर्यंत कामगार होते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम, पत्नीचे दागिने आणि बँकेचे कर्ज यांवर एक यंत्र घेऊन त्यांनी गाळा थाटला. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनच पुढचे म्हणावयास हवे. एकाच गाडीचा एक भाग रस्त्याच्या अलीकडे तयार होतो आणि दुसरा पलीकडे; कामाचे तास आणि कौशल्य बहुधा तुलनेजोगे असते; परंतु वेतनात मात्र मोठे अंतर राहते.

अर्थात केवळ आकाराने न्याय होतो असेही नाही. ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने या नगरीचा पाया घातला, त्याच सरकारी कंपनीतील कामगारांचे पगार तिच्या पडत्या काळात थकत गेले आणि अखेर जुलै २०१९ मध्ये ती देणी भागविण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाला सुमारे २८० कोटी रुपये मंजूर करावे लागले. मोठ्या आस्थापनेचे थकलेले पगार निदान मंत्रिमंडळापर्यंत पोहोचतात. सहा माणसांच्या गाळ्यातील थकलेला पगार गल्लीच्या तोंडापर्यंतही जात नाही.

कायद्याची वेस

पुष्कळांचा असा समज असतो की लहान आस्थापनेला वेतनाचे कायदे लागू होत नाहीत. हा समज अर्धा खरा आणि म्हणून अधिक घातक आहे.

१९४८ सालच्या किमान वेतन कायद्याने, ज्या धंद्यांची नावे त्याच्या अनुसूचीत होती त्यांतील मालकाला, त्याच्याकडे किती माणसे आहेत हे न पाहता किमान दर बांधून दिला. त्याच सुमारास केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: किमान, न्याय्य आणि निर्वाह. न्याय्य वेतन ठरविताना उद्योगाची देण्याची ऐपत पाहावी; परंतु किमान वेतनाच्या बाबतीत ऐपतीची सबब चालणार नाही, असा हा भेद होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९५० नंतरच्या दशकात हेच सूत्र स्पष्ट केले. ज्या उद्योगाला आपल्या कामगारांस किमान वेतनही देता येत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही.

किमान म्हणजे किती, याचा हिशेब १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मांडला. कामगार, त्याची पत्नी आणि दोन मुले मिळून तीन उपभोग-एकके धरावीत. त्यांचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. १९९१ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण अशा गोष्टींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. कोणाही लहान मालकाला किंवा संस्थेच्या कार्यवाहाला कागद-पेन्सिल घेऊन एका संध्याकाळी करता येईल असा हा हिशेब आहे. चिखलीतील एका खोलीचे भाडे, चौघांचे धान्य, गॅस, शाळेचे शुल्क आणि बसचा पास यांची बेरीज मांडून ती आपण देत असलेल्या पगाराशेजारी ठेवावी, म्हणजे उपदेशाची गरज उरत नाही.

१९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय; कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच आहे, असा तो निर्णय होता. लिओ तेरावे यांनी ९१ वर्षांपूर्वी जो विचार मांडला होता, तोच येथे भारतीय घटनेच्या भाषेत उमटलेला दिसतो. गावगाड्यातील वेठ संपली असे आपण मानीत होतो. न्यायालयाने तिचा नवा पत्ता सांगितला.

आता समजाचा जो भाग खरा आहे, त्याकडे वळू. किमान दराला माणसांची अट नसली तरी त्याभोवतीच्या संरक्षणांना आहे. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून. बोनस वीसपासून. राज्य विमा योजना दहापासून. कंत्राटी कामगारांच्या कायद्याची मर्यादा मुळात वीस होती, ती महाराष्ट्राने पन्नास केली. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याने दहांहून कमी माणसे असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून वगळले आणि २०२५ च्या सप्टेंबरात ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. प्रत्येक मर्यादेमागे लहान उद्योजकाला जाचातून सोडविण्याचा हेतू असतो आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि त्याचा परिणाम काय होतो, हे औद्योगिक वसाहतीत सर्वश्रुत आहे. एकोणिसावा कामगार नेमला जातो, विसावा नेमला जात नाही. किंवा एकाच छपराखाली दोन पाट्या लागतात आणि माणसे अर्धी-अर्धी वाटली जातात. गावाला जशी वेस असे, तशी ही कायद्याची वेस आहे आणि वेशीबाहेर कोण राहत असे, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवरील फुलबाजी-मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कार्यशाळेत आग लागली. काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. पहिल्याच दिवशी सहा जणींचा अंत झाला आणि पुढे इस्पितळात मृतांची संख्या वाढत गेली. ती कार्यशाळा विनापरवाना चालत होती. ज्या जागेची नोंद नाही, तेथे हजेरीपट कोण पाहणार आणि बाहेर पडण्याचा दरवाजा कोण तपासणार? वेतनाची नोंद आणि जिवाची सुरक्षितता या दोन गोष्टी एकाच वहीत असतात, हे त्या दिवशी दिसले.

संसदेने २०१९ मध्ये संमत केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अनुसूचीतील धंदे आणि बाकीचे धंदे हा जुना भेद तिने काढून टाकला आणि किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना दिला. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा, असे तिचे म्हणणे आहे. कागदावर तरी ही वेस पुष्कळशी मोडली आहे.

सात दिवस आणि पंचेचाळीस दिवस

येथे लहान मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणतो, सात तारखेला पगार मी देईन, पण माझे बिल मला केव्हा मिळते? हा प्रश्न न्याय्य आहे. लहान उद्योगांची देणी थकविणाऱ्या खरेदीदारांवर व्याजाचे बंधन घालणारा पहिला कायदा १९९३ साली झाला. २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे देणे थकविता येणार नाही असे ठरविले. अलीकडे प्राप्तिकराच्या कायद्यातही त्यासाठी तरतूद करण्यात आली. तरीही मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस करणारा पुरवठादार विरळा, कारण तक्रारीनंतर पुढील मागणीपत्र येईल याची शाश्वती नसते. शिवाय दरवर्षी दर कमी करण्याचा आग्रह असतोच. पोलाद, वीज आणि बँकेचा हप्ता यांचे दर लहान मालकाच्या हाती नसतात. हाती असतो तो एकच आकडा, कामगाराच्या पगाराचा. म्हणून कात्री तेथेच चालते.

या कोंडीला एक नेमके नाव पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात सापडते. ज्याच्याशी कामगाराचा करार होतो तो प्रत्यक्ष मालक आणि ज्यांच्या निर्णयांनी त्या कराराच्या अटी आधीच ठरून जातात ते अप्रत्यक्ष मालक, असा भेद त्यात केला आहे. राज्यसंस्था, मोठ्या कंपन्या, आंतरराष्ट्रीय व्यापार हे सारे दुसऱ्या वर्गात येतात. प्रत्यक्ष मालकाची जबाबदारी याने संपत नाही, पण ती त्याच्या एकट्याची राहत नाही. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चकचकीत गाडीच्या किमतीत कुदळवाडीतील हेल्परचा पगारही ठरलेला असतो. ती किंमत ठरविणाऱ्याने त्या हेल्परचे तोंड कधी पाहिलेले नसले तरी.

२०२० च्या टाळेबंदीत या साखळीची परीक्षा झाली. मार्चअखेर केंद्रीय गृहमंत्रालयाने बंद काळातील पूर्ण वेतन द्यावे असा आदेश काढला. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. लहान कारखानदाराचे म्हणणे असे की बिलेच आली नाहीत तर पगार कोठून द्यावा. आणि कामगारापाशी महिनाभर तग धरण्याएवढीही शिल्लक नव्हती. ज्यांना परत जाण्यासाठी गाव होते ते गेले.

हमालांनी काढलेला मार्ग

मग लहान आस्थापनेत न्याय्य वेतन शक्यच नाही काय? महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे एक भरीव उत्तर आहे आणि ते हमालांनी दिलेले आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या, असे त्याचे जीवन. पेढ्याही लहान, एकेका व्यापाऱ्याने निवृत्तिवेतन, रजा, आजारपण यांची सोय करावी म्हटले तर ती होणार नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांसारख्यांच्या चळवळींतून १९६९ चा माथाडी कायदा आकारास आला. त्याचे सूत्र सोपे आहे. शासन, मालक आणि कामगार यांचे मिळून एक मंडळ असावे. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाने कामगाराला वेतन द्यावे आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, उपदान यांची सोय करावी. लहान लहान पन्नास मालक मिळून एका मोठ्या मालकाची जबाबदारी उचलतात, असा हा मार्ग आहे. खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ साली याच धर्तीवर कायदा झाला.

हा मार्ग निष्कलंक राहिला असे नाही. चाकण पट्ट्यात माथाडीचे नाव पुढे करून खंडणी मागणाऱ्यांविषयी उद्योजकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत आणि त्या निराधार नाहीत. परंतु नाण्याची नक्कल होते म्हणून खरे नाणे कोणी टाकून देत नाही.

जेथे असे मंडळ नव्हते, तेथे काय झाले याचेही उदाहरण याच नगरीत आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या सफाईच्या कामावर १९९८ ते २००४ या काळात ठेकेदारांमार्फत राबलेल्या पाचशेहून अधिक कामगारांना किमान वेतनाहून कमी मजुरी मिळाली. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हा लढा न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयातून त्यांच्या बाजूने शेवटचा शब्द यावयास २०२३ साल उजाडले. कामाला लागताना ज्या बाईच्या कडेवर मूल होते, तिच्या नातवंडांच्या काळात तिला फरक मिळाला, असा हा हिशेब आहे.

आपल्या संस्थांचे पगारपत्रक

लहान आस्थापना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचा गाळा येतो. वस्तुतः धर्मग्राम, शाळा, वसतिगृह, पतसंस्था, वाचनालय, महिला मंडळ या आपल्या साऱ्या संस्था लहान आस्थापनाच आहेत. मंदिराची झाडलोट करणारा, धर्मग्रामाच्या घरी स्वयंपाक करणारी बाई, माळी, प्रश्नोत्तरे शिकविणारा प्रचारक, विनाअनुदान वर्गावरील शिक्षिका हे आपले कामगार आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपण 'सेवा' हा शब्द वापरतो. शब्द मोठा आहे. पण सेवा ज्याने करावयाची त्याने तो आपल्याविषयी वापरावा. पगार देणाऱ्याने तो दुसऱ्याविषयी वापरला की त्याची किंमत पगारातून वजा होते.

१९७१ साली रोम येथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने जगातील न्यायाविषयी जे निवेदन काढले त्यात, जगापुढे न्यायाची भाषा करणाऱ्या ख्रिस्तसभेने प्रथम स्वतःच्या सेवकांशी न्यायाने वागले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२८६ वा नियम मालमत्तेच्या व्यवस्थापकांना देशाचे श्रमविषयक कायदे पाळण्याचे आणि योग्य वेतन देण्याचे बंधन घालतो. म्हणजे आपल्यापुरता हा प्रश्न दयेचा उरत नाही. तो नियमाचा आहे.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला या संदर्भात उलट अर्थाने सांगितलेला पुष्कळदा ऐकू येतो. धनी आपल्या पैशाचे हवे ते करू शकतो, असे त्यातून काढले जाते. मूळ कथा नीट पाहावी. त्या धन्याने सकाळी आलेल्यांशी मजुरी आधी ठरविली होती. संध्याकाळ होताच, मोशेच्या नियमाप्रमाणे, कारभाऱ्याकरवी ती सर्वांना दिली. ठरलेल्यापेक्षा कमी कोणालाही दिले नाही. एवढा न्याय पुरा झाल्यावर मग त्याने, ज्याला दिवसभर कोणी कामाला लावले नव्हते, त्याच्याही घरची चूल पेटेल इतके दिले. त्याचे औदार्य न्यायाच्या वर उभे होते, न्यायाच्या जागी नव्हे. दिवाळीची पोस्त, लग्नाची उचल, आजारपणाची मदत या साऱ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या पगाराच्या वर असाव्यात.

इतिहासाने या बाबतीत जे शिकविले, ते थोडक्यात असे आहे. बलुत्याचे माप उघड होते, पण माणूस मोकळा नव्हता. गिरणीत माणूस मोकळा झाला, पण पगाराचा दिवस त्याच्या हाती नव्हता. कायद्याने दिवस आणि दर ठरविला, पण तो पुष्कळदा कामगारांची डोकी मोजून थांबला. हमालांनी डोकी एकत्र करून ती अडचण दूर केली. या प्रत्येक पायरीवर मालकाचे मन पूर्वीपेक्षा चांगले झाले म्हणून सुधारणा झाली असे नाही; जे मालकाच्या मनात होते ते कागदावर आले, म्हणून झाली. लहान संस्थेत सर्वजण एकमेकांना ओळखतात, मालक कामगाराच्या मुलाच्या बारशाला जातो, ही आपली जमेची बाजू आहे. परंतु याच जवळिकीमुळे पगार मागणे संकोचाचे होऊन बसते. तो संकोच काढून टाकण्याचे काम पगार देणाऱ्याचे आहे.

त्यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. नेमणुकीचे पत्र, हजेरीपट, सही घेऊन दिलेली पगाराची चिठ्ठी, सात तारीख, दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याचा शासकीय दर पाहून केलेली दुरुस्ती, उचलीचा वेगळा हिशेब आणि वर्षातून एकदा, सणाच्या आधी, समोर बसवून विचारलेला एक प्रश्न : एवढ्यात तुमचे घर चालते काय? दहा माणसांच्या गाळ्याला हे जमते आणि तीन माणसांच्या धर्मग्रामालाही जमते. येत्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक करताना आपल्या मंडळांनी इमारतीच्या रंगकामाचा आकडा लिहिण्यापूर्वी हा आकडा लिहावा.